गुरव्वाची राखण

गुरव्वा दुध्यावर नखाने खूण करी. फळ बोटाएवढे झाले की लगेच, म्हणजे कुणी चोरले तर बाजारात ओळखता यावे. फळ वाढे तशी खूणही वाढे, आणि काढणीला आलेले सगळे दुधी देवी येऊन गेल्यासारखे दिसत.

ही अक्कलकोटकडची कानडी बाई. सोलापुरात गिरणीच्या चाळीत राही, एक शेळी पाळी. चाळीमागच्या पडीक जागेत सर्वांनी मिळून भाजी पिकवावी असे शहरातल्या थोर मंडळींना वाटले, तेव्हा राखण तिच्याकडे आली. नुकतीच रावसाहेबी मिळालेले आमच्या मळा-मंडळाचे अध्यक्ष उद्घाटनाला मोटारीतून आले आणि हातातले वांग्याचे रोप सुकेपर्यंत सहकार्यावर बोलले. मी चिटणीस. माझ्याकडे सायकल होती, एवढीच पात्रता. भाषण चालू असताना गुरव्वा माझ्या कानाशी लागली, "मास्तर, ह्यो मानूस लई ग्वाड बोलतोय. ह्येला भाजी किती पायजे, आदी इचारा की."

जो पाणी घालील त्याला वाटणी, हा मळ्याचा नियम. तो गुरव्वा डोळ्यांत तेल घालून पाळी. कुणी हात धुऊन आला तरी ती विचारी, "ह्यो हात कुटं घातला हुतास रं?"

पलीकडच्या गल्लीत नरसय्या विणकर निजामाच्या मुलखातून नवा आला होता. त्याची बायको लक्ष्मम्मा एके सकाळी पितळी वाटी घेऊन कुंपणाशी उभी राहिली. "पालु," म्हणाली. कानडीत पालु म्हणजे वाटणी. गुरव्वा उसळली, "पानी घालाया कवा आलतीस गं, भवाने?" ती पुन्हा आली, पुन्हा हाकलली गेली. तक्रार मंडळाकडे गेली. रावसाहेबांनी 'परक्यांचा हव्यास' या विषयावर बैठक बोलावली.

मागून मिळाले नाही म्हणजे ही चोरत असणार, असे ठरवून बैठकीआधी पुराव्यासाठी गुरव्वा मला घेऊन नरसय्याच्या घरात घुसली. चूल, कोनाडे, मागाखालचा खड्डा, सगळीकडे तिने दुधी शोधला. सापडले ते झोळीतले तान्हे पोर. त्याला रडायचेही त्राण नव्हते.

"आईचं दूध आटलं," नरसय्या मोडक्या मराठीत म्हणाला. "शेळीचं पालु मागते, तर तुमी मारायला येता."

"पालु म्हंजे?"

"दूध. आमच्यात दुधाला पालु म्हणतात."

गुरव्वा उठली. शेळी ओढत आणून तिने तिथेच दारात धार काढली. वाटी देताना मात्र बजावले, "माज्यासमोर पाज. न्हाईतर नवरा च्यात घालंल."

बैठकीत रावसाहेबांनी घसा साफ केला. "तर त्या बाईला मळ्यातून काही मिळणार नाही, असा ठराव..."

"तिला पालु द्याचा," गुरव्वा मधेच म्हणाली.

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "कानडीत वाटणी, तेलुगूत दूध."

"मग हिला नेमके काय म्हणायचे आहे?"

"दोनी," गुरव्वा म्हणाली. "पर पानी तिनं घालाचं. मी बगत बसनार."

आणि बसली. लक्ष्मम्मा वाफ्यांना पाणी घालू लागली की गुरव्वा तिचे पोर मांडीवर घेऊन बांधावर बसे. पोर दिवसेंदिवस जड होत गेले. गुरव्वाची नजर घागरीवर असे. अर्धीच तर भरून आणली नाही ना?