तूप हुंगणाऱ्याचं नाक

तूप हुंगून पारखावं ते राजेंद्र नगरच्या चिंतामणरावांनीच. बेटम्याच्या बाजारात डबा उघडला की डोळे मिटायचे, छाती भरेस्तोवर सावकाश श्वास ओढायचा आणि दुकानदाराला निकाल द्यायचा, "भिया, लोणी शिळं होतं." संपलं! दुकानदार डबा बदलून द्यायचा.

पुढे मूत्रपिंडं थकली, डायलिसिस लागलं. आधी गळ्याजवळ नळी, मग डाव्या हातात शिरा जोडून केलेला फिस्टुला. सुई तिथेच टोचायची. आता नेमका तोच हात भोपळ्यासारखा सुजला. हा हात गेला तर पुन्हा गळ्यात नळी! तिची त्यांना भारी धास्ती. ना धड आंघोळ, ना कुशीवर झोप.

डॉक्टर पूर्वाने जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र गळ्याखालच्या हाडाजवळ टेकवलं. "काका, अब सूंघिए. एकदम झटक्यात."

काकांनी डोळे मिटले. सावकाश, छाती भरेस्तोवर श्वास ओढला. म्हणाले, "ह्या जेलीला तर वासच नाही, डॉक्टरसाहेब."

पूर्वाला हसू आवरेना. "वास नका घेऊ! फक्त नाक ओढा, पटकन. चांगली शीर त्यानं आकसते."

पुन्हा तेच. जन्माची सवय, सुटते कशी! शेवटी बायको, सरलाकाकू, कोपऱ्यातून कडाडल्या, "अहो, तुपाचा डबा नाही तो! मास्तरांचा मार खाऊन आलेलं पोर कसं सूं-सूं करतं? तसं करा की!"

"सूं!"

जमलं. उजवीकडची शीर प्रत्येक सूंसरशी मिटली. डावीकडची मात्र ढिम्म.

"हाडामागचं मशीनला नीट दिसत नाही," पूर्वा म्हणाली, "पण ही हालत नाही, म्हणजे पुढे छातीतली मोठी शीर अडली असणार. गळ्यातल्या त्या जुन्या नळीचं काम."

"म्हणजे नरसाळं खाली तुंबलंय," काका म्हणाले.

"बस्स, तेच! एक्स-रेखाली पक्कं बघू आणि शिरेत छोटा फुगा फुगवून उघडू."

"आणि गळ्यातली नळी?"

"फुगा चालला तर नाही."

चालला! सूज हळूहळू उतरली. पुढच्या डायलिसिसला सुई डाव्याच हातात गेली. काका "आई गं" म्हणाले खरे, पण असे खुशीत, की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बघू लागला.