सुनंदाताईंचं चालू सेशन

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचतो, पण मानत नाही. मी हिशेबाचा माणूस... जुळत नसेल तर पुन्हा तपासायचं, एवढीच माझी श्रद्धा. हे मात्र कितीदा तपासूनही जुळलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

राहायला मी बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यात. नोकरी निंबोल्याजवळच्या कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात. अकाउंट्स बघतो, आणि कॉम्प्युटरचं लचांडही माझ्याच गळ्यात. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर कोणाच्याही घरच्या कॉम्प्युटरवर नाही. ते कारखान्यातल्या सर्व्हरवर चालतं. घरून काम करणाऱ्यांना इंटरनेटवरून त्याचा नुसता पडदा दिसतो. नेपानगरहून बिलं करणाऱ्या सुनंदाताई त्यांतल्याच एक.

होळी-धुळवडीची सुट्टी होती, कारखाना बंद. दुपारी शेठजींचा फोन आला — बाहेरून कोणालाच सर्व्हर लागत नाहीये. मी बायकोला म्हटलं, "निंबोल्याचं काम उरकून तसाच चांदनीला भावाकडे जातो. उद्या येईन." भावाला काही कळवलं नव्हतं. म्हणजे दोन्हीकडे माझी वाट बघणारं कोणी नव्हतं.

सर्व्हरची खोली कापसाच्या गोदामात, पत्रे मारून केलेली. आत मोबाईलला रेंज नाही. दाराची आतली मूठ तुटलेली, म्हणून कामगार कुलपाच्या खाचेत कापसाचा बोळा कोंबून ठेवतात. दार मग लागत नाही. पण मला त्या खोलीत कापसाची तूस खपत नाही. आत शिरता शिरता मी सवयीने बोळा उपसून काढला... आणि मागे खट् झालं.

मोडेमवर लाल दिवा होता, म्हणजे लाईन बंद. पाठोपाठ वीज गेली. एसी थांबला. यूपीएसवर सर्व्हर, मोडेम आणि गेटचा इंटरकॉम तेवढे चालू राहतात, पण इंटरकॉमचा फोन ऑफिसात, या खोलीत नाही. मी दार बडवलं, घसा फाटेपर्यंत ओरडलो. पण गेट मैदानापलीकडे, आणि मी आलो होतो मागच्या दाराने, माझ्या किल्लीने. चौकीदार भागवतला मी आलोय हेच माहीत नव्हतं. पत्रा तापला होता. मला दमा आहे, आणि पंप स्कूटरच्या डिकीत.

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून सर्व्हरवर कोण कोण आहे ते उघडून पाहिलं. एकच नाव. सुनंदा — चालू.

वाटलं, लाईन आली! लगेच मेसेज टाकला, "ताई, सर्व्हरच्या खोलीत अडकलोय. भागवतला दार उघडायला सांगा." त्या मेसेजला उत्तर देता येत नाही, म्हणून मी त्यांचा पडदाच माझ्यासमोर घेतला. गाठींचं बिल उघडं होतं आणि शेऱ्याच्या रकान्यात अक्षरं उमटत होती. एकेक, थांबत थांबत...

"तुम्ही पण?"

मी तिथेच लिहिलं, "पण म्हणजे? तुम्ही कुठे आहात?"

"इथेच. दार कुठे आहे?"

मोडेमकडे पाहिलं. दिवा लालच. छातीत शिट्टी वाजायला लागली होती. जमेल तसं लिहिलं, "माझ्या मागे. बाहेरून उघडतं."

"सांगते."

मी जमिनीवर बसलो होतो तेव्हा दार उघडलं.

"अरे साब, तुम्ही! अन् ताई कुठं हाये?" भागवत माझ्या डोक्यावरून आत बघत होता.

"कोण ताई?"

"इंटरकॉमवर बोलली ना — आम्ही दोघं अटकलो, दरवाजा खोला. मले वाटलं भांग मले चढली का तिले!"

त्या इंटरकॉमवर बाहेरचा फोन येत नाही, फक्त ऑफिसातून लागतो. ऑफिसला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात.

पंप ओढला, बाहेर रेंजमध्ये येऊन सुनंदाताईंना फोन लावला.

"भाऊ, सकाळपासून पोरांच्या मागे आहे मी, कॉम्प्युटरला हातही नाही लावला. परवा फुलीवर क्लिक करून बंद केलं असेल... रागावू नका हं."

फुलीने बंद केलं की खिडकी जाते, सेशन, म्हणजे उघडं ठेवलेलं काम, सर्व्हरवर तसंच पडून राहतं, हे खरं. पण मग ते 'तुटलेलं' दिसतं, 'चालू' नाही. आणि तुटलेलं सेशन काही लिहीत नाही. लाईनवाल्यांनीही नंतर सांगितलं की केबल सकाळपासून तुटलेलीच होती.

यूपीएस बोंबलायला लागला होता. बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद करायला हवा होता. भागवतला दारात उभं केलं आणि आत गेलो. शेऱ्यात नवी ओळ होती —

"तुम्ही निघालात. मी?"

"साब, चला ना," भागवत म्हणाला.

मी सुनंदा या नावावर जाऊन लॉग ऑफ दाबलं. एरवी नाव क्षणात जातं. त्या दिवशी ते जाईना. मी पडद्याकडे बघत उभा राहिलो... मग गेलं.

लॉग ऑफ म्हणजे बाहेर पडणं, असं मी सगळ्यांना शिकवत आलोय. ते जे कोणी होतं ते बाहेर पडलं की मी ते पुसून टाकलं, हे मला आजही सांगता येत नाही. त्याने मात्र माझ्यासाठी दार उघडवून घेतलं होतं.