तंबूत पोरं आणि दारात साहेब

आमच्या इंजिनिअर साहेबांची मोटार वळणावर दिसली तेव्हा माझा ऑफिसचा तंबू पोरांनी भरलेला होता. एक टेबलाखाली रांगत होतं, दुसरं डंपीच्या तिपाईला धरून उभं राहायला शिकत होतं. डंपी म्हणजे रस्त्याचा चढउतार मोजायची दुर्बीण. तिला धक्का लागला की सकाळचं सगळं काम फुकट.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर मी ओव्हरसियर, म्हणजे देखरेख करणारा, होतो. खडी वाहायला बायका होत्या. तान्ही पोरं झाडाला बांधलेल्या झोळीत झोपत, पण रांगती झोळीत थोडीच राहतात! आदल्या दिवशी एक पोर खडीच्या गाडीखाली येता येता वाचलं होतं.

तेव्हा काशीबाय माझ्याकडे आली. टोळीत सगळ्यात मोठा आवाज तिचा. "दादा, पोरांवर नजर ठेवाला एक बाय लावा. तिची हजेरी आमच्यासंगं."

"मस्टरमध्ये तसं काम नाही, काशीबाय." मस्टर म्हणजे हजेरीपट. तिथे खडी फोडणारे, वाहणारे, पाणी मारणारे आणि वॉचमन, एवढेच.

मुकादम मध्येच बोलला, "जमत नसंल त घरी बसा. त्या बघा, कामाला कितीक बाया उभ्या हायत!"

ते खरं होतं. पार मुरबाडकडच्या गावांतून बायका काम मागायला येऊन आंब्याखाली उभ्या राहत. त्यांतल्या सोनीचा एक हात लहानपणी भाजलेला, तो वर जात नसे. डोक्यावर पाटी घेता येत नाही म्हणून मुकादम तिला रोज परत पाठवी.

दुसऱ्या दिवशी काशीबाय आधी त्या आंब्याखाली गेली. काहीतरी कुजबुज झाली, मग हशा पिकला. थोड्या वेळाने एकेक बाई येऊन माझ्या तंबूत पोर ठेवून गेली.

"अगं, साहेब यायचेत आज!"

"म्हनूनच तं!" काशीबाय म्हणाली.

या बायकांच्या जागी दुसऱ्या घ्यायला मुकादम आंब्याकडे ओरडला, "चला गो, पाट्या उचला!"

एकही हलली नाही. "आमी नाय. आमालाबी पोरं हायत," कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात साहेब आत आले. "हे काय आहे?"

"पोरं, सर."

ते खुर्चीत बसले. काशीबायने शांतपणे सगळ्यात गुबगुबीत पोर उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोराने त्यांची हॅट ओढली, डोक्यावर घेतली, आणि साहेबांची पँट भिजवली. बाहेर बायका तोंडात पदर कोंबून उभ्या.

"सायेब, तुमीच सांगा," काशीबाय म्हणाली, "तुमचा ओव्हरशेर रस्ता मोजंल का पोरं राखंल?"

साहेबांनी गंभीर राहायचा फार प्रयत्न केला. मग असे हसले की पोरही दचकलं.

"रोलरला वॉचमन असतो ना?" त्यांनी मला विचारलं.

"असतो, सर."

"मग यांनाही एक लावा. आजपासून."

इतक्यात डंपी डगमगली. सोनी धावत आत आली आणि चांगल्या हाताने तिपाईला धरलेलं पोर अलगद उचलून कडेवर घेतलं. वॉचमन कोण, हे कोणालाच विचारावं लागलं नाही.

त्या दिवशी बायका गाणी म्हणत खडी वाहत होत्या, नाचल्यासारख्या. खडी इतकी भराभर पडली की ती दाबता दाबता रोलरवाला दमला. पुढच्या आठवड्यात आंब्याखालच्या लेकुरवाळ्याही कामावर लागल्या. मुकादम मात्र सोनीला 'वॉचमनसायेब' म्हणायचा, आणि ती ओ द्यायची.

मागणी अर्जातून आली की वरचे लोक विचार करतात. मांडीवर येऊन बसली की लगेच मंजूर करतात.