सारख्या आडनावाचे दोन पिचर

बेसबॉलची एकही मॅच मी आजवर पूर्ण पाहिलेली नाही. तरी गेल्या शतकाच्या मध्यावरचा, अमेरिकेतल्या एका छोट्या व्यावसायिक लीगचा अख्खा सीझन मला जवळजवळ पाठ आहे.

जर्मनीत कोलोनला मास्टर्स करत असताना मी एका प्राध्यापकबाईंकडे हीवी म्हणून लागले. हीवी म्हणजे विद्यार्थ्यानं आठवड्याला ठरावीक तास करायचं मदतनिसाचं काम. बाईंचा विषय होता खेळाडूंचा प्रवास आणि थकवा. त्या लीगमधले संघ गावोगाव बसनं फिरायचे, जवळपास रोज मॅच, सुट्टी क्वचितच. बसमधले तास वाढले की खेळ घसरतो का, हे बाईंना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी त्या सीझनच्या हातानं लिहिलेल्या स्कोअरशीट्सचे स्कॅन मिळवले होते. ते कॉम्प्युटरवर टाइप करायचे, एवढंच माझं काम.

नियम शिकवले शेजारच्या टेबलावरच्या जर्मन पीएचडीवाल्यानं. तो स्वतः रविवारी क्लबात खेळायचा. माझ्या प्रत्येक वाक्याला आधी "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणायचा आणि मग मी म्हटलं त्याच्या बरोबर उलट सांगायचा. चेंडू टाकणारा तो पिचर, इथवर सोपं होतं. पण बेसबॉलमध्ये संघानं मॅच जिंकली की तो विजय एका पिचरच्याही नावावर जमा होतो. संघ शेवटपर्यंत टिकणारी आघाडी घेतो तेव्हा ज्याची पाळी चालू असेल, साधारणपणे त्याच्या. हे डोक्यात शिरायला मला दोन आठवडे लागले. क्रिकेटची सवय सारखी आडवी यायची.

स्कॅन भयंकर होते. पेन्सिल पुसट, एक आणि सात सारखेच, कुठे पानाची कडच कापलेली. एका मॅचला दीड तास जायचा. लीगनं सीझननंतर छापलेला अधिकृत तक्ता आमच्या फाइलला जोडलेला होता. त्याच्याशी बेरीज जुळली नाही की ती ओळ लाल व्हायची, आणि लाल ओळ असलेली फाइल बाई घ्यायच्या नाहीत.

सगळ्या मॅचेस संपल्या तेव्हा एकाच संघाची एक ओळ लाल राहिली. त्या संघाच्या तरुण स्टार पिचरचा एक विजय माझ्याकडे कमी येत होता. त्याच्या सगळ्या मॅचेस मी पुन्हा टाइप केल्या. पुन्हा एक कमी. मग संघाच्या सगळ्या मॅचेस केल्या. तीन आठवडे असे गेले, माझी स्वतःची परीक्षा तोंडावर आली होती, आणि मी त्या एका विजयाच्या मागे लागले होते.

सापडला तो सीझनच्या शेवटाकडच्या एका मॅचमध्ये. संघात एकाच आडनावाचे दोन पिचर होते, एकमेकांचे कुणी न लागणारे. एक हा स्टार, दुसरा उतारवयाला लागलेला, कधीमधी टाकायला मिळणारा. नऊपैकी सहाव्या इनिंगला, म्हणजे डावाला, म्हातारा टाकायला आला, तेव्हा स्कोअररनं त्याच्या नावाचं आद्याक्षरही लिहिलं. सातव्या इनिंगपासून हस्ताक्षर बदललं. स्कोअरर बदलला असणार. नव्या माणसानं नुसतं आडनाव लिहिलं, आणि मीही तेवढंच टाइप केल्यानं तो विजय माझ्याकडे कुणाच्याच ओळीत गेला नव्हता. आठव्या इनिंगला संघानं आघाडी घेतली आणि मॅच जिंकली. पिचर बदलल्याची खूण कुठेच नव्हती. शिवाय स्टार आदल्याच दिवशी दुसऱ्या गावात पूर्ण मॅच टाकून आला होता, आणि त्यानंतर पिचरला काही दिवस विश्रांती देतात. विजय म्हाताऱ्याचा होता, लीगनं आडनावावरून तो स्टारला देऊन टाकला होता. मी तो म्हाताऱ्याच्या ओळीत टाकला, तशी तीही लाल झाली. सीझनमधला त्याचा एकुलता एक. पुढच्या आठवड्यापासून त्याचं नाव शीटवर दिसत नाही. संघानं काढलं असावं.

मी पीएचडीवाल्याला पान दाखवलं. त्यानं सहाव्या आणि सातव्या इनिंगचं अक्षर ताडून पाहिलं. "तुझं बरोबर आहे," म्हणाला, "पण फार उशीर झालाय."

जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या तिकडच्या एका संस्थेला मी ईमेल केलं. उत्तर सभ्य होतं: त्या काळातला आणखी एक स्वतंत्र पुरावा पाठवा. मी त्या गावाच्या वर्तमानपत्राचं पान शोधून काढलं. मॅचची बातमी होती, विजयी पिचरचं कौतुकही होतं. पण छापलं होतं फक्त आडनाव. त्या दिवशी मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की स्वयंपाकघरातून माझी रूममेट धावत आली. ती अमरावतीची, केमिस्ट्रीवाली. तिला सगळं सांगितलं.

"अगं, तुझा कोण लागतो तो?"

"कुणी नाही."

"मग परीक्षेचा अभ्यास कर ना!"

बाईंनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही बारकाईनं काम करता, हे मला आवडतं," म्हणाल्या. "पण हे बघा, आपला प्रश्न बसचा आहे. विजयाचा कॉलम आपण वापरणारसुद्धा नाही. तक्त्याप्रमाणे ठेवा आणि शुक्रवारी फाइल द्या."

"वापरणार नसलो, तर खरं लिहिलं म्हणून काय बिघडतं?"

"लोक आपली फाइल त्या तक्त्याशी ताडून बघतात. एक फरक दिसला की सगळीच संशयात येते. तुमच्याकडे दुसरा कागद आहे?"

"नाही. निदान शेरा तरी लिहू?"

"शेऱ्याला जागा नाही."

त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं, याचीच जास्त चीड येत होती. एखाद्या खडूस बाईशी भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी दुपारी मी स्टारच्या ओळीत एक विजय वाढवला. म्हाताऱ्याच्या ओळीतला एक खोडून शून्य टाइप केलं. दोन्ही ओळी लगेच पांढऱ्या झाल्या. इतके दिवस ती चूक दुसऱ्या कुणाची तरी होती, कुठल्या तरी घाईतल्या स्कोअररची. आता ती माझ्याही हातानं झाली होती, आणि मला तर माहीत होतं.

फाइल पाठवली. बाईंचं पाच मिनिटांत उत्तर आलं, आभार आणि कौतुक. पुढच्या सेमिस्टरसाठी त्या करार वाढवून देत होत्या. मी नको म्हटलं. कारण विचारलं तेव्हा अभ्यास जड जातोय म्हणून सांगितलं. खरं कारण तोंडावर सांगितलं नाही, याबद्दल मी स्वतःवरच कितीतरी दिवस चिडलेली होते.