राळेने भरलेलं चाक

जुन्या इटालियन रेसिंग सायकली मी हौसेने दुरुस्त करते. पण थोरल्या भावाने, दादाने, बोटीवरून आणलेली सायकल काल पहिल्यांदा उघडली. मागच्या चाकातून राळेचा वास आला.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. दादा तिथल्या बंदरातून पुन्हा बोटीवर कामाला गेला, तेव्हा खारं वारं बाधू नये म्हणून बाबांनी होडीच्या फटींत भरतात तशी राळ मागच्या चाकाच्या आसातल्या छर्ऱ्यांत ओतली. वर्षभराने एका दुपारी पडवीत ठेवलेल्या त्या सायकलच्या चाकाची टिकटिक आली. भाकरी थापता थापता आई हसली, "दादा इलो गो! पान मांड तेका."

मी धावले. पडवीत कोणी नव्हतं, चाक मात्र फिरत होतं. चार दिवसांनी दादा वारल्याची तार आली.

राळ तडकून चाक वाऱ्याने फिरलं असेल, असं आजवर मनाला समजावलं. काल ती राळ छिन्नीने फोडावी लागली. कुठेही तडा नव्हता. बाबांनी ओतल्यापासून ते चाक एकदाही फिरलेलं नव्हतं.