हलका क्रँकशाफ्ट

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा खडखडायला लागलं तेव्हा मला खरंच रडू आलं. वर्षभर त्या गाडीपायी माझं अमरावती-अकोला चालू होतं. म्हातारपण माझ्याही दाराशी आलंय, हे त्या गाडीला कोण सांगणार?

अकोल्याच्या मिस्त्रींनी क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा तो वेडावाकडा दांडा, बाहेर काढला, दोरीने टांगला आणि हातोडीने हळूच ठोकला. धड असला की तो घंटेसारखा वाजतो. हा भद्द वाजला. तडा गेला होता.

"भंगारातला असाच जुना पाहू, नाही तं नवा घडवून घ्या," मिस्त्री म्हणाले. "नवा वजनाले हलका, पन लय मजबूत. फक्त गाडीचा आवाज बदलन."

"मंग जुनाच पाहा," बाबा लगेच म्हणाले.

का, ते मला ठाऊक होतं. आईला आता दिसत नाही. गाडी कोपऱ्यावर वळली की तो संथ धपधप आवाज ऐकून ती चाचपडत उठते, आधण ठेवते. बाबा गाडी लावून, हातपाय धुऊन येईस्तोवर चहा कपात असतो. डोळे होते तेव्हाही असंच होतं.

पण मी थकले होते. "आवाजाचं काय घेऊन बसले बाबा? मूर्तिजापुरात बंद पडली तं ढकलन कोन?" मी चारचौघांत ओरडले.

बाबा त्या टांगलेल्या दांड्याकडे बघत राहिले. "घे तुले पटन तो," म्हणाले.

नवा बसवला. पहिल्याच दिवशी बाबा संध्याकाळी भाजी आणायला गाडी घेऊन गेले. परतताना कोपऱ्यावर इंजिन गुरगुरलं, चपळ, एखाद्या तरण्या पोराच्या गाडीसारखं. आई जागची हलली नाही.

"पाहय वं, कोन आलं," ती मला म्हणाली. "पाहुने असतीन."

मी उठून दाराशी गेले. बाबा हातपाय धुऊन आत आले तशी आई त्यांच्या पावलांनी दचकली. "तुमी? पायी आले काय?"

"हो," बाबा म्हणाले, "पायीच आलो."

मग ती घाईघाईने गॅसकडे वळली. बाबा खुर्चीत बसून चहाची वाट पाहू लागले. अशी वाट त्यांना आजवर कधी पाहावी लागली नव्हती.