हारासाठी काढलेला पट्टा

भरमू धनगराला उभ्या आयुष्यात कुणी खुर्ची दिली नव्हती. निपाणीच्या बाजूला ऊस तुटला की शेतकरी खतासाठी त्याची बकरी रानात बसवून घ्यायचे, पण चहा द्यायचे तो बांधावरच. त्याला खुर्ची मिळाली ती खंड्यामुळं.

खंड्या म्हणजे त्याचा राखणीचा कुत्रा. बिबट्या आधी मान धरतो, म्हणून धनगर कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. खंड्याचा पट्टा भरमूनं लोहारासमोर बसून करून घेतला होता. यंदा उसातनं निघालेला बिबट्या भरमूच्या बायकोवर, मालुबाईवर झेपावला, तेव्हा खंड्या मध्ये पडला. मान धरायला गेलेल्या बिबट्याच्या तोंडात काटे घुसले आणि तो विव्हळत उसात पळाला. तेव्हापासून मालुबाई पहिली भाकरी खंड्याला टाकायची आणि मग नवऱ्याला वाढायची. भरमूची त्याला काही ना नव्हती.

गावात युवराज नावाचा एक होतकरू पुढारी होता. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली, सत्काराला माणसं कमी पडायला लागलेली. त्यानं खंड्याचा सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. भरमूला फेटा आणि खुर्ची मिळाली. खंड्याला झेंडूचा जाडजूड हार घातला, पण तो काट्यांत अडकून तुटायला लागला.

"अण्णा, तेवढा पट्टा काढा की," युवराज म्हणाला. "फोटोत लई वंगाळ दिसतंय."

खुर्चीवर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. भरमूनं पट्टा काढून पिशवीत टाकला.

बकरी बसवलेल्या रानात, तळावर परत आले तेव्हा दिवस कलला होता. मालुबाई म्हणाली, "अवो, आधी पट्टा घाला त्येला."

"राहू दे गं हार जरा. पलीकडच्या तळावरची माणसं बघाय येणार हायती. बघू दे की त्यास्नीबी."

माणसं यायच्या आधी बिबट्या आला.

बकरी उधळली. खंड्या धावला आणि नेहमीसारखा मान पुढं करून भिडला. मान द्यायची, बाकीचं पट्टा बघतो, हे तो शिकलेला होता. गळ्यात काहीतरी जड आहे, एवढंच त्या मुक्या जिवाला कळत होतं. ते लोखंड नसून फुलं आहेत, हे त्याला कोण सांगणार? भरमू काठी घेऊन पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. रानापासून उसाच्या कडेपर्यंत झेंडू सांडत गेला होता.

दोन दिवसांनी स्टँडवर फलक लागला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हार घातलेला खंड्या, आणि त्याच्याहून मोठा युवराज हात जोडून. भरमूला फोटोतनं कापलं होतं. तिथंच भेटलेला एक शेतकरी म्हणाला, "दुसरं कुत्रं बघ रं लौकर. माझ्या रानात बकरी बसवायची हायती न्हवं?"

सांजच्याला मालुबाईनं चूल पेटवली. पिशवीतनं पट्टा काढून मांडला आणि तव्यावरची पहिली भाकरी त्या पट्ट्यापुढं ठेवली. मग दुसरी केली, तीही तिथंच ठेवली. तिसरीही. भरमू ताट पुढ्यात घेऊन बसून राहिला.

शेवटी मालुबाईनंच चुलीतला जाळ मागं ओढला.

"तुमाला खुर्ची दिली न्हवं त्येनी?" ती म्हणाली. "तितंच जावा जेवाय."